सव्वादोन रुपयांचा डॉलर

आमचे टोकावडे हे गाव कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. थोडे पुढे वैशाखरे लागते आणि तिथून नाणेघाटाची जुनी वाट सह्याद्री चढू लागते. घाटमाथ्यावर एक भला मोठा दगडी रांजण आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात या रांजणात टाकली जाई, असे लोक सांगतात. जवळच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञप्रसंगी दिलेल्या गायी, घोडे, हत्ती यांच्याबरोबर हजारो कार्षापण दान दिल्याचा उल्लेख त्यात आहे. कार्षापण म्हणजे त्या काळचे नाणे. घाटाखालचे कल्याण आणि सोपारा ही बंदरे तेव्हा भरभराटीत होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणचे नाव येते आणि रोमन चांदीची नाणी पश्चिम किनाऱ्यावर आयात होत, हेही येते. रोमचा पैसा हिंदुस्थानात वाहून जातो अशी तक्रार प्लिनी या रोमन लेखकाने त्याच शतकात केली होती.

हे सारे सांगण्याचे कारण एवढेच की, पश्चिमेची चांदी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्यावर येणे ही गोष्ट दोन हजार वर्षांची आहे. या लेखात त्या प्रवाहाचा एक अलीकडचा आणि फारसा ठाऊक नसलेला भाग आम्ही मांडणार आहोत. तो म्हणजे अमेरिकेच्या जुन्या चांदीच्या डॉलरचा. आज जगभरचे नाणेसंग्राहक ज्या डॉलरसाठी कोट्यवधी रुपये मोजतात, त्यांच्या दुर्मीळपणाशी मस्कत, मुंबई आणि आपल्या घरातल्या जुन्या पेट्यांचा जवळचा संबंध आहे.

डॉलरचा जन्म

अमेरिका स्वतंत्र झाली तेव्हा तिच्याजवळ स्वतःचे नाणे नव्हते. व्यवहार चालत होता तो स्पेनच्या नाण्यावर. मेक्सिको आणि पेरूच्या खाणींतली चांदी घेऊन स्पेनने पाडलेले हे जाडजूड नाणे अर्ध्या जगात चालत असे. त्यालाच लोक स्पॅनिश डॉलर म्हणत. आपल्या किनाऱ्यावर आणि अरबस्तानात अशा परदेशी चांदीच्या नाण्यांना रियाल म्हणत. आजही ओमान आणि सौदी अरबस्तानच्या चलनाचे नाव रियालच आहे. कोकणातले आपले कितीतरी भाऊबंद त्यातच पगार घेतात, पण हा शब्द मुळात स्पेनचा आहे हे फार थोड्यांच्या लक्षात येते.

२ एप्रिल १७९२ रोजी अमेरिकेच्या काँग्रेसने नाण्यांचा कायदा केला आणि फिलाडेल्फिया येथे टांकसाळ उभी राहिली. पहिला चांदीचा डॉलर १७९४ मध्ये निघाला. त्या साली फक्त १,७५८ डॉलर पाडले गेले. एका बाजूस मोकळ्या केसांची स्वातंत्र्यदेवी, दुसऱ्या बाजूस गरुड. डॉलरचे वजन ४१६ ग्रेन आणि त्यात शुद्ध चांदी ३७१.२५ ग्रेन. या १७९४ च्या डॉलरांपैकी एक अत्यंत चांगल्या स्थितीतले नाणे जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेत लिलावात विकले गेले, तेव्हा त्याला एक कोटी डॉलरहून अधिक किंमत आली.

पण हे नाणे आपल्या देशात टिकेना. नवा अमेरिकी डॉलर स्पॅनिश डॉलरपेक्षा किंचित हलका होता, पण वेस्ट इंडीजच्या बेटांवर दोन्ही एकाच भावाने चालत. व्यापाऱ्यांनी युक्ती काढली. अमेरिकी डॉलर तिथे द्यायचा, जड स्पॅनिश डॉलर घ्यायचा, तो फिलाडेल्फियाला आणून टांकसाळीत त्याचे पुन्हा अमेरिकी डॉलर पाडून घ्यायचे. दर फेरीला नफा व्यापाऱ्याचा आणि मेहनत सरकारी टांकसाळीची. शिवाय पूर्वेच्या व्यापारासाठीही चांदीच लागे. १७८४ मध्ये ‘युनायटेड स्टेट्स’ नावाचे जहाज पाँडिचेरीला पोहोचले. पुढे सेलम, बोस्टन, फिलाडेल्फिया येथली जहाजे मुंबई, मद्रास, कलकत्ता या बंदरांत नियमित येऊ लागली. आपले कापड घ्यायला ती आली होती. त्यांच्याकडे आपल्याला विकण्याजोगा माल फारसा नव्हता, म्हणून ती चांदी भरून आणीत. सेलमच्या संग्रहालयात आजही मुंबईचे पारशी व्यापारी नसरवानजी माणेकजी वाडिया यांचे तैलचित्र आहे. अमेरिकी कप्तानांचे ते मुंबईतले आडते होते.

शेवटी अमेरिकी सरकार कंटाळले. १८०४ मध्ये डॉलर पाडणे बंद झाले आणि पुढची तीस वर्षे ते बंदच राहिले. त्या १८०४ साली टांकसाळीने १९,५७० डॉलर पाडले होते, पण जुनेच ठसे वापरल्याने त्यांच्यावर साल १८०४ नव्हते. म्हणजे वही १८०४ म्हणते आणि नाणे मागचे साल दाखवते. एका मोठ्या कोड्याची सुरुवात इथे झाली.

मस्कतच्या सुलतानाचा नजराणा

त्या काळी मस्कत आणि झांझिबारवर सय्यद सईद बिन सुलतान यांचे राज्य होते. १८०६ ते १८५६ अशी पन्नास वर्षे त्यांनी राज्य केले. मुंबईशी त्यांचा संबंध फार जवळचा होता. त्यांची मोठी जहाजे मुंबईच्या गोदीत बांधली जात. मुंबईत बांधलेले ‘सुलताना’ हे त्यांचे जहाज १८४० मध्ये अहमद बिन नुमान या वकिलाला घेऊन थेट न्यूयॉर्कला गेले. अमेरिकेत गेलेला तो पहिला अरब राजदूत मानला जातो.

अमेरिकेने एडमंड रॉबर्ट्स नावाच्या व्यापाऱ्याला वकील नेमून पूर्वेकडे पाठवले. १८३३ मध्ये त्याने सयाम आणि मस्कत या दोन राज्यांशी करार केले. करारावर शिक्कामोर्तब करून तो परत देण्यासाठी त्याला पुन्हा जायचे होते. राजेमहाराजांकडे रिकाम्या हाताने कसे जावे? म्हणून नजराण्यात अमेरिकेच्या सर्व चालू नाण्यांचा एक-एक सुंदर संच द्यायचे ठरले. त्यात डॉलर हवाच. पण डॉलर तर तीस वर्षे पाडलाच नव्हता! टांकसाळीच्या वहीत डॉलर पाडल्याचे शेवटचे साल १८०४ होते, म्हणून १८३४-३५ च्या सुमारास १८०४ साल घालून नवे डॉलर पाडले गेले. जगातले सर्वांत प्रसिद्ध अमेरिकी नाणे असे जन्मले. ज्या सालाचे ते म्हणवते, त्या साली ते पाडलेच गेले नव्हते.

१८३५ मध्ये रॉबर्ट्स ‘पीकॉक’ या लढाऊ जहाजातून निघाला. सप्टेंबरमध्ये ओमानच्या किनाऱ्याजवळ मसीरा बेटापाशी जहाज प्रवाळाच्या खडकावर रुतले. जहाज हलके करण्यासाठी तोफा समुद्रात टाकाव्या लागल्या. रॉबर्ट्स आणि काही खलाशी लहान होडीतून मस्कतला पोहोचले. सुलतानाने ताबडतोब मदत पाठवली. ऑक्टोबरच्या आरंभी नजराणा सय्यद सईद यांच्या हाती पडला. मोडके जहाज मग दुरुस्तीसाठी कुठे गेले? मुंबईला. त्या साली ऑक्टोबरपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत ‘पीकॉक’ मुंबईत होते. सयामच्या राजासाठीचा नजराणा अजून पोचवायचा होता. पुढे १८३६ मध्ये जहाज बँकॉकला पोहोचले आणि तोही दिला गेला. त्याच साली जूनमध्ये रॉबर्ट्स मकाव येथे आजारी पडून मरण पावला.

योगायोग असा की, ज्या १८३५ साली हे जहाज मुंबईच्या गोदीत उभे होते, त्याच साली ईस्ट इंडिया कंपनीने साऱ्या हिंदुस्थानसाठी एकच रुपया सुरू केला. तोवर मुंबईचा, सुरतचा, पुण्याचा रुपया वेगळा होता आणि बहुतेकांवर फारसी मजकूर होता. पेशव्यांच्या राज्यातल्या टांकसाळींतून निघणाऱ्या रुपयांवरही मोगल बादशहाचे नाव फारसीतच असे. नव्या रुपयावर इंग्लंडच्या राजाचे डोके आले, पण मागच्या बाजूला इंग्रजीबरोबर फारसी लिपीतले ‘यक रुपिया’ कायम राहिले. या रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा ठरले. त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन.

संग्राहकांची धाव

१८४२ मध्ये फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतल्या दोन अधिकाऱ्यांनी जगातल्या नाण्यांवर पुस्तक काढले. त्यात १८०४ च्या डॉलरचे चित्र पाहून संग्राहक चकित झाले. पुढच्याच वर्षी सेलमचा मॅथ्यू स्टिकनी नावाचा संग्राहक टांकसाळीत गेला. आपल्याकडचे एक दुर्मीळ सोन्याचे नाणे त्याने दिले आणि बदल्यात १८०४ चा एक डॉलर मिळवला. नंतर मागणी वाढली तशी टांकसाळीतल्याच काही माणसांनी मागाहून आणखी नमुने पाडले. खरे कोणते आणि नंतरचे कोणते, हा वाद शंभर वर्षे चालला. १९६२ मध्ये सयामच्या राजाला दिलेला संच लंडनमध्ये पुढे आला. त्यात १८०४ चा डॉलर होता. तेव्हा कुठे या नाण्याची खरी हकिकत सिद्ध झाली.

नजराण्याच्या वेळच्या पहिल्या प्रकारातले आठ डॉलर आज माहीत आहेत. त्यांतला सर्वांत उत्तम, जो मस्कतच्या सुलतानाचा मानला जातो, तो १९१७ मध्ये लंडनच्या लिलावात दिसला. १९९९ मध्ये त्याला ४१ लाख ४० हजार डॉलर किंमत आली आणि २०२१ मध्ये ७६ लाख ८० हजार डॉलर. एका मुस्लिम राज्यकर्त्याशी मैत्री व्हावी म्हणून पाडलेले नाणे आज अमेरिकी नाण्यांचा राजा म्हणून ओळखले जाते. या मैत्रीची आठवण मात्र लिलावाच्या आकड्यांखाली दबून गेली आहे.

सत्तावीस कोटी डॉलर वितळले

आता कथेचा दुसरा भाग, जो थेट आपल्या घरात येतो.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून ताग, कापूस, धान्य, कातडी असा माल प्रचंड प्रमाणात गेला. आपले लाखो शिपाई मेसोपोटेमियात, म्हणजे बसरा-बगदादच्या आघाडीवर होते आणि त्यांचा पगार रुपयातच होता. या सगळ्याचा मोबदला चांदीच्या रुपयांत द्यावा लागे. कागदी नोट खेड्यातल्या माणसाला विश्वासाची वाटत नसे. सरकारने ३० नोव्हेंबर १९१७ रोजी पहिली एक रुपयाची नोट काढली, पण लोक नोटा घेऊन खजिन्याच्या दारात उभे राहू लागले आणि चांदी मागू लागले. नोटेवर रुपया देण्याचे वचन छापलेले होते. खजिन्यात चांदी संपत आली होती. वचन मोडले असते तर सरकारची पतच गेली असती.

इंग्लंडने अमेरिकेकडे हात पसरले. २३ एप्रिल १९१८ रोजी अमेरिकेत नेवाडाचे सिनेटर की पिटमन यांच्या नावाचा कायदा झाला आणि तिजोरीतले चांदीचे डॉलर वितळवायची परवानगी मिळाली. एकूण २७ कोटी २ लाख ३२ हजार ७२२ डॉलर वितळवले गेले. त्यांतल्या २५ कोटी ९१ लाखांहून अधिक डॉलरची चांदी इंग्लंडला विकली गेली आणि ती हिंदुस्थानात आली. मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींत तिचे पंचम जॉर्जचे रुपये पडले.

इथे एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. तो आम्ही वर्गात मुलांकडून फळ्यावर करवून घेतो. डॉलरमध्ये शुद्ध चांदी ३७१.२५ ग्रेन, रुपयात १६५ ग्रेन. भागाकार केला की उत्तर येते बरोबर २.२५. म्हणजे एका अमेरिकी डॉलरच्या चांदीत सव्वादोन रुपये. या हिशेबाने त्या डॉलरांच्या चांदीत सुमारे ५८ कोटी रुपये होतात.

वितळवताना कोणत्या सालाची, कोणत्या टांकसाळीची किती नाणी भट्टीत गेली याची नोंद कोणी ठेवली नाही. त्यामुळे १८७८ ते १९०४ या काळात पाडलेल्या डॉलरांपैकी कोणते साल किती उरले, हे अमेरिकी संग्राहक आजही अंदाजाने ठरवतात. टांकसाळीच्या वहीत लाखोंचा आकडा असतो आणि बाजारात मोजकी नाणी सापडतात. बाकीची कुठे गेली, याचे एक मोठे उत्तर हिंदुस्थानच्या खेड्यापाड्यांत आहे. १९१८, १९१९, १९२० सालचा रुपया तुमच्या घरात असेल, तर त्यातली चांदी अमेरिकेच्या डॉलरची असण्याची शक्यता मोठी आहे. रुपयाच्या मागच्या बाजूला तळाशी कमळाखाली बारीक ठिपका असेल तर तो मुंबईच्या टांकसाळीचा. ठिपका नसेल तर कलकत्त्याचा. मधोमध फारसी लिपीतले तेच ‘यक रुपिया’ दिसेल.

दुसऱ्या महायुद्धातही असेच झाले. अमेरिकेने हिंदुस्थानला सुमारे २२ कोटी ६० लाख औंस चांदी उसनी दिली. या वेळी ती परत करायची होती. १९४० पासून रुपयातली चांदी निम्मी झाली होती. १९४१ ते १९४३ या काळात व्हिक्टोरिया, एडवर्ड आणि जॉर्जचे जुने चांदीचे रुपये चलनातून रद्द झाले आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. निम्म्या चांदीची नाणी वितळवून त्यातून चांदी काढली गेली आणि १९५७ च्या सुमारास उसनी चांदी अमेरिकेला परत गेली.

डुकराचा रुपया

वितळण्याने नाणे कसे दुर्मीळ होते याचे आपल्याकडचे उदाहरण तर मुस्लिम समाजाशीच जोडलेले आहे. १९११ मध्ये पंचम जॉर्जचा पहिला रुपया निघाला. राजाच्या झग्यावर हत्तीचे चित्र होते, पण त्याची सोंड आखूड आणि पाय बारीक असल्याने ते डुकरासारखे दिसे. मुसलमानांनी नाराजी व्यक्त केली. सरकारने ९४ लाखांच्या आसपास रुपये पाडले होते, त्यांतले ७ लाखच बाहेर पडले होते. उरलेले वितळवले गेले आणि १९१२ पासून हत्ती नीट काढला गेला. बाजारात आजही हा ‘डुकराचा रुपया’ म्हणून ओळखला जातो आणि १९१२ च्या रुपयापेक्षा त्याला जास्त भाव मिळतो.

आपली पेटी

आपल्या समाजात चांदीच्या रुपयाला वेगळा मान होता. निकाहाच्या वेळी मेहेर जाहीर करताना ‘सिक्का राइजुल वक्त’ असे शब्द आजही उच्चारले जातात. म्हणजे त्या वेळी चालणारे नाणे. आमच्या दादी-नानीच्या काळात ते नाणे चांदीचे होते. जकातीचा हिशेब करताना साडेबावन्न तोळे चांदी आपण धरतो आणि तोळा म्हणजे काय हे सांगायला सराफ तराजूत रुपयाच टाकीत असे. मुरबाड-शहापूरच्या आमच्या आदिवासी शेजाऱ्यांच्या बायका रुपयांना कडी लावून गळ्यात माळ घालीत. मराठी, उर्दू, कातकरी, ठाकरी अशा सगळ्या बोली बोलणाऱ्या घरांत तोच रुपया फिरला.

आज हेच रुपये भराभर सराफाकडे जात आहेत. चांदीचा भाव चढला की पेटी उघडते. सराफ तोळ्यावर घेतो, भट्टीत टाकतो आणि त्याची साखळी नाहीतर पैंजण होते. गरज असेल तर विकावे, त्यात दोष नाही. पण न वाचता विकू नये. आमच्या शाळेतल्या काही मुलांनी घरची नाणी कागदावर उतरवून आणली, तेव्हा आमच्या लक्षात आले की साल आणि टांकसाळीची खूण कुठे पाहायची हे मोठ्या माणसांनाही ठाऊक नसते. फारसी अक्षरे असली की लोक सरळ ‘मोगलांचे नाणे’ म्हणतात, मग ते पेशव्यांच्या मुलुखातले का असेना. ही अक्षरे वाचण्याची चावी उर्दू शिकलेल्या माणसाच्या हातात आहे. पुण्या-साताऱ्याचा इतिहास लिहिणाऱ्यालाही तिची गरज पडते. मराठी बोलणाऱ्या आणि उर्दू वाचणाऱ्या माणसाला या कामात दोन्ही बाजू दिसतात. आपल्यातल्या तरुणांनी हे काम हाती घ्यावे असे आम्हाला मनापासून वाटते.

त्यासाठी मोठा खर्च नको. नाणे चिंचेने, राखेने किंवा टूथपेस्टने घासू नये. घासले की ठसा झिजतो आणि किंमत जाते. भोक पाडू नये. कागदाच्या कोरड्या पाकिटात ठेवावे आणि वर साल, वजन, कोणाकडून आले ते लिहावे. रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम भरले पाहिजे. फुटपाथवर चकचकीत जुना ‘डॉलर’ स्वस्तात मिळाला तर समजावे की तो बनावट आहे. खरा जुना डॉलर सुमारे २७ ग्रॅमचा असतो आणि लोहचुंबकाला चिकटत नाही. १८०४ साल असलेले डॉलर तर जगभर ढिगाने नकली बनतात. शेत नांगरताना किंवा पाया खणताना नाण्यांचा साठा सापडला, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुने नाणे परवानगीशिवाय परदेशी नेता येत नाही, हा १९७२ चा कायदा. खाडीच्या देशांत जाणाऱ्या आपल्या मंडळींनी हे विशेष लक्षात ठेवावे. पाहायचे असेल तर मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचे नाणेसंग्रहालय आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची स्वतंत्र संशोधन संस्था आहे.

अमेरिकेतला संग्राहक एका डॉलरसाठी कोट्यवधी मोजतो, कारण त्याला त्या नाण्याची पूर्ण हकिकत ठाऊक आहे. ते कोणी पाडले, कोणाला दिले, कोणत्या लिलावात गेले हे सारे लिहून ठेवलेले आहे. आपल्या घरचा १९१८ चा रुपया आज लाखांत मोजला जाणार नाही. पण तो नेवाडाच्या खाणीतून, फिलाडेल्फियाच्या किंवा सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीतून, मुंबईच्या भट्टीतून फिरून कुणाच्या तरी मेहेरमध्ये आला असेल. ही हकिकत सांगणारी पिढी अजून घरात आहे. नाणे सराफाकडे नेण्याआधी तिला विचारून, दोन ओळी लिहून ठेवल्या तर वितळल्यावरही काही उरेल.